मुंबईच्या उन्हातही कॉकपिटची काच गरम का ठेवतात? विंडो हीट समजून घेऊन वापरण्याची रीत

मे महिन्यातली दुपार, मुंबई विमानतळावरचा बे, म्हणजे विमान उभं करायची जागा. बाहेर छत्तीस अंश, काँक्रीटची धग बुटांतून पायाला लागतेय. एका बोइंग ७३७ च्या कॉकपिटात टेस्टसाठी मी डोक्यावरच्या पॅनेलवरचे विंडो हीटचे, म्हणजे काच विजेने गरम करण्याचे, चारही स्विच ऑन केले, तसा मागे उभा असलेला ट्रेनी म्हणाला, "सर, आज सांताक्रूझला बर्फ पडणारे का?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्हा मेंटेनन्सवाल्यांच्या पुस्तकांत विमानाची काच ५६ व्या चॅप्टरात असते आणि काच गरम करण्याची यंत्रणा ३० व्या चॅप्टरात, म्हणजे 'बर्फ आणि पाऊस यांपासून संरक्षण' या मथळ्याखाली. दोन्ही धडे वेगवेगळ्या महिन्यांत शिकवले जातात. मग विद्यार्थी विंडो हीट कायमची बर्फाच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. खरं तर या यंत्रणेतला एकेक नियम, म्हणजे टेकऑफच्या दहा मिनिटं आधी ऑन करा, बंद पडली तर वेग कमी ठेवा, कोपऱ्यात ठिणगी दिसली तर ताबडतोब बंद करा, हे सगळं ५६ व्या चॅप्टरातल्या त्या जाड काचेच्या पोटातून आलेलं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

हा लेख एएमईचे, म्हणजे विमान-देखभाल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, पहिलं टाइप रेटिंग (एका ठरावीक विमानाचं प्रशिक्षण) करणारे वैमानिक आणि घरी सिम्युलेटर उडवणारे हौशी यांच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः बोइंग ७३७ एनजी आणि एअरबस ए३२० यांची, कारण आपल्याकडच्या आकाशात दिसतात ती बहुतेक याच दोन घराण्यांतली विमानं. प्रत्यक्ष विमानावर हात लावाल तेव्हा तुमच्या कंपनीचं मॅन्युअल आणि चेकलिस्ट हेच प्रमाण. इथे त्यामागची कारणं सांगतोय.

आधी काचेचा काप बघा

समोरची विंडशील्ड म्हणजे एक काच नव्हे, ते सँडविच असतं. ए३२० मध्ये सर्वांत बाहेर साधारण ३ मिलिमीटरची पातळ काच, तिच्या आत प्रत्येकी साधारण ८ मिलिमीटरच्या दोन जाड काचा, आणि या सगळ्यांच्या मधे प्लास्टिकचे थर. बाहेरच्या पातळ काचेचं काम वाऱ्या-पावसाचा मारा खाणं आणि हीटिंगचा थर सांभाळणं. केबिनच्या दाबाचा भार ती उचलत नाही. तो आतल्या दोन जाड काचांवर. त्यांतली एक गेली तरी दुसरी एकटी भार पेलेल, असं ते डिझाइन असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे तडा जाईल तेव्हा लागणार आहे.

भार किती? उंचीवर केबिनच्या आतला आणि बाहेरचा दाब यांत साधारण ८ पीएसआयचा फरक असतो. म्हणजे चौरस मीटरला सुमारे साडेपाच टन. काच अर्ध्या चौरस मीटरची धरली तरी पावणेतीन टन. गावाकडच्या हिशेबात अर्ध्या ब्रासाहून जास्त वाळू त्या काचेवर आतून रेलून बसलेली असते.

आता मधल्या प्लास्टिककडे या. अनेक विंडशील्डमध्ये हे पीव्हीबी असतं, तुमच्या गाडीच्या पुढच्या काचेत असतं त्याच जातीचं; काही विमानांत पॉलियुरेथेन. पक्षी येऊन आदळतो तेव्हा काच तडकतेच. त्या क्षणी पक्ष्याला कॉकपिटात शिरू न देणारा असतो हा लवचिक थर: तो ताणला जातो, धक्का पसरवतो, काचेचे तुकडे धरून ठेवतो. आणि इथेच थंडी आडवी येते. लोणावळ्याला चिक्की करताना पाहिली असेल, तर गरम असताना लाटण्याखाली ती हवी तशी पसरते, वाकते. दहा मिनिटांनी तीच बोटांत कट्कन मोडते. पीव्हीबीचं तसंच. तीस-चाळीस अंशांच्या आसपास तो चिवट, शून्याखाली कडक आणि ठिसूळ. कंट्रोलर काचेचं तापमान साधारण ३५ ते ४३ अंशांत राखतो, आणि हा आकडा बर्फ वितळवण्याच्या हिशेबाने ठेवलेला नाही. नुसता बर्फ टाळायचा तर शून्याच्या थोडं वर राहिलेलंही चाललं असतं. चाळीसच्या आसपासचा आकडा मधल्या थराचा चिवटपणा टिकवतो.

गरम करतं कोण? बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला वीजवाहक ऑक्साइडचा, बहुतेक वेळा इंडियम-टिन ऑक्साइडचा, पारदर्शक लेप असतो. केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. काचेच्या दोन कडांना धातूच्या पट्ट्या, त्यांना म्हणायचं बसबार. एका पट्टीतून वीज शिरते, लेपातून जाते, दुसऱ्या पट्टीतून बाहेर पडते आणि अख्खी काच एकसारखी तापते. गाडीच्या मागच्या काचेवर दिसतात तशा रेघा इथे नसतात. काचेतच तापमानाचा सेन्सर पुरलेला असतो, शिवाय एक जास्तीचा, राखीव. सेन्सर सांगतो त्याप्रमाणे कंट्रोलर वीज कमी-जास्त करतो. एका विंडशील्डला काही किलोवॅट लागतात. घरातले दोन-तीन रूम हीटर एकदम लावल्यासारखं समजा.

७३७ मध्ये एक बारीक फरक आहे, परीक्षेत हमखास विचारतात. समोरच्या १ नंबरच्या काचेत लेप बाहेरच्या काचेवर, कारण तिथे बर्फही रोखायचा आहे. बाजूच्या २ नंबरच्या, सरकणाऱ्या काचेत लेप आतल्या काचेवर, कारण तिथे फक्त धुकं टाळायचं असतं. ३ नंबरची काच विजेने गरम होतच नाही.

पक्ष्याचा हिशेब

वाहतुकीच्या मोठ्या विमानांसाठी विंडशील्डची अट अशी की ४ पौंडांचा, म्हणजे सुमारे १.८ किलोचा पक्षी विमानाच्या डिझाइन क्रूझ वेगाने आदळला तरी तो काच भेदून आत येता कामा नये. आपल्याकडची घार किलोच्या आतली. पण मुंबईच्या खाडीवर हिवाळ्यात येणारे लहान रोहित, ज्यांना सगळे फ्लेमिंगो म्हणतात, दीड-दोन किलोचे भरतात, म्हणजे बरोबर त्या परीक्षेच्या वजनाचे. मे २०२४ मध्ये मुंबईला उतरणाऱ्या एका विमानाला घाटकोपरजवळ रात्री फ्लेमिंगोंचा थवा आडवा आला आणि तीसहून अधिक पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं. पण १.८ किलो हा आकडा कागदावरचा नाही, हे त्या रात्री मुंबईकरांनी पाहिलं.

आता वेगाचं गणित. १.८ किलोचा पक्षी २५० नॉट्सने (ताशी सुमारे ४६० किलोमीटर) आदळला तर ऊर्जा साधारण १५ किलोज्यूल. म्हणजे ५० किलोची सिमेंटची गोणी दहाव्या मजल्यावरून सोडल्यासारखं. तोच पक्षी ३४० नॉट्सला, जी ७३७ एनजीची खालच्या उंचीवरची वेगमर्यादा आहे, तिथे आदळला तर साडेसत्तावीस किलोज्यूल, म्हणजे गोणी अठराव्या मजल्यावरून. वेग वाढला दीडपटीहूनही कमी, तडाखा जवळपास दुप्पट झाला. काच तिरकी असल्यामुळे सगळीच ऊर्जा काचेत उतरत नाही, पण प्रमाण हेच राहतं.

म्हणून ७३७ मध्ये विंडो हीट गेली की चेकलिस्ट म्हणते, १०,००० फुटांखाली वेग जास्तीत जास्त २५० नॉट्स. काच थंड, मधला थर ठिसूळ, मग निदान तडाखा तरी अर्ध्यावर आणा. पक्षी बहुतेक खालीच भेटतात, म्हणून १०,००० फुटांची रेघ. नियम पाठ करणाऱ्यांपैकी अर्ध्यांना तो बर्फाशी जोडलेला वाटतो. त्यात बर्फाचा संबंध नाही.

मग मुंबईत मे महिन्यात कशाला?

त्या दिवशी ट्रेनीला दिलेलं उत्तर असं होतं. जमिनीवर छत्तीस अंश असताना काच मुळातच गरम असते, कंट्रोलर जवळपास काहीच वीज देत नाही. तेव्हा स्विच ऑन करून तोटा काही नाही. खरा प्रश्न परतीच्या वेळी येतो. ३५,००० फुटांवर बाहेरची हवा उणे ५४ अंशांच्या आसपास. विमानाच्या वेगाने ती थोडी तापते, ०.८ माकला, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८ पट वेगाला, पुढच्या पृष्ठभागाला जाणवणारं तापमान साधारण उणे २५. त्या थंडीत काच दोन तास गारठते. तिथून पंचवीस मिनिटांत तुम्ही वसईच्या खाडीवर दीड हजार फुटांवर, घारींच्या गर्दीत आणि जिचा दवबिंदू पंचवीस अंश आहे अशा दमट हवेत. हीट नसेल तर काच अजून थंडगार, मधला थर ठिसूळ, आणि एसीतल्या गाडीतून उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच कॉकपिटच्या काचेचं होतं. दोन्ही संकटं एकाच वेळी, तीही लँडिंगच्या तोंडावर. बाहेर मे महिना असला तरी काच अजून दोन तासांपूर्वीच्याच थंडीत असते.

थोडं विषयांतर करतो, कारण हे प्रवासी नेहमी विचारतात: मग आमच्या खिडक्या गरम का नसतात? तिथून कोणाला विमान चालवायचं नसतं, म्हणून. तीन पारदर्शक थरांपैकी मधल्या थराला खाली एक बारीक भोक असतं. त्यामुळे दाबाचा भार बाहेरच्या थरावर राहतो आणि मधल्या पोकळीतलं बाष्प बऱ्यापैकी बाहेर पडतं. त्या भोकाभोवती बर्फाची नक्षी उमटली तर फोटो काढा, घाबरू नका.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

पहिली पायरी: स्विचला हात लावण्याआधी काच पाहा

हे काम उजेडात करा, आणि सरळ समोरून नव्हे तर तिरक्या नजरेने. मी शिडीवर चढून टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून आडवा धरतो. मग आतले दोष उठून दिसतात. काय शोधायचं? कडेशी दुधाळ डाग किंवा बुडबुडे असतील तर थर सुटू लागलेत, यालाच डिलॅमिनेशन म्हणतात. थोडं डिलॅमिनेशन मॅन्युअलच्या मर्यादेत चालतं. ते मोजायचं, लिहायचं आणि पुढच्या तपासणीत वाढलं का ते पाहायचं. बसबारच्या रेघेवर तपकिरी, जळकट ठिपका असेल तर तिथे ठिणगी उडालेली आहे. तिथे चालेल-न चालेलचा अंदाज बांधायचा नाही. काचेच्या कडेचं सीलंट खाल्लं गेलंय का, फटीतून पाणी शिरायची वाट आहे का, हे बोटाने चाचपून बघा. पावसाळ्यात मी या एका गोष्टीवर इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घालवतो. कारण पुढे सांगतो.

काच पुसताना कोरडं फडकं फिरवायचं नाही आणि मनाला येईल तो क्लीनर वापरायचा नाही. बऱ्याच विंडशील्डवर पाणी न धरणारा लेप असतो, तो घासून निघून जातो.

आणि लॉगबुक वाचा. एखादी काच एमईएलखाली, म्हणजे काय बंद असतानाही उडता येतं त्या यादीखाली, बंद ठेवली असेल तर तिच्या अटी टेकऑफच्या आधी कळायला हव्यात. बर्फाळ ढगांत जाता येणार आहे की नाही, ते त्यातच लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी: ऑन करणं, आणि हिरव्या दिव्याचा अर्थ

७३७ मध्ये चार स्विच: डावी बाजू, डावी समोर, उजवी समोर, उजवी बाजू. टेकऑफच्या किमान १० मिनिटं आधी ऑन. ही दहा मिनिटं मधल्या थराला सगळीकडे ऊब पोहोचावी म्हणून. कंट्रोलर वीज एकदम सोडत नाही, हळूहळू चढवतो. थंडगार जाड काचेला एकाच बाजूने झटका दिला तर ती तडकते. उकळता चहा ओतल्यावर थंड काचेचा ग्लास तडकतो तसं. लेहला पहाटे उणे तापमानात उभ्या विमानात हा फरक कळतो, चेन्नईला कळत नाही.

नवख्याची हमखास फसगत होते ती हिरव्या 'ऑन' दिव्याशी. हिरवा लागला म्हणजे काचेला आत्ता वीज चालू आहे. नाही लागला तर स्विच बंद असेल, बिघाड असेल, ओव्हरहीटमुळे वीज तुटलेली असेल, किंवा काच हवी तेवढी गरम असल्याने कंट्रोलरने वीज थांबवली असेल. मुंबई-नागपूरच्या उन्हात बहुधा शेवटचंच कारण असतं. पण 'बहुधा' वर विमान सोडत नाहीत. त्यासाठी टेस्ट स्विच आहे. तो पॉवर टेस्टकडे धरला की कंट्रोलर तापमान बाजूला ठेवून काचांना पूर्ण वीज देतो आणि हिरवे दिवे लागायला हवेत. दिवे आधीच चारही लागलेले असतील तर ही टेस्ट करायची नाही. गरज नसताना काच तापवायची कशाला? दुसऱ्या बाजूला ओव्हरहीट टेस्ट. तिच्यात ओव्हरहीटचे दिवे लागतात, वीज तुटते, आणि नंतर स्विच ऑफ करून पुन्हा ऑन करावे लागतात. हे शेवटचं विसरून काच थंड ठेवूनच विमान पुढे देण्याचा पराक्रम मी स्वतः एकदा करता करता वाचलोय.

ए३२० मध्ये हे सगळं आपोआप होतं. 'प्रोब/विंडो हीट' चं एकच बटण, ते ऑटोवर ठेवायचं. एक इंजिन सुरू झालं की हीट सुरू. जमिनीवर विंडशील्डला कमी वीज, हवेत गेल्यावर पूर्ण. डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक स्वतंत्र कॉम्प्युटर, म्हणून एक बाजू गेली तरी दुसरी शाबूत. इंजिन सुरू करण्याआधी गरम करायचं असेल तर बटण दाबून ऑन. मला विचाराल तर एअरबसची पद्धत सोयीची, पण यंत्रणा शिकायला ७३७ चे चार स्विच बरे. जे हाताने करावं लागतं ते डोक्यात राहतं.

तिसरी पायरी: उंचीवर आणि उतरताना

क्रूझमध्ये करण्यासारखं काही नाही. एक सवय मात्र लावा: वर असताना एकदा हाताचा तळवा काचेच्या आतून ठेवून बघायचा. चालू असलेली काच कोमट लागते, बंद पडलेली लगेच ओळखू येते.

एखादी काच थंड पडलीच असेल तर तिची तयारी उतरायला सुरुवात करण्याआधी करा. त्या बाजूच्या वैमानिकाला खालच्या टप्प्यात धूसर दिसणार हे गृहीत धरून लँडिंग कोण करणार ते ठरवून टाका. विंडशील्डवर गरम हवा सोडणारा नॉब लवकर उघडा. थंड काच तापायला वेळ लागतो, धुकं धरल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. आणि २५० नॉट्स. नियमांनुसार एका पॅनेलमधून काहीच दिसेनासं झालं तरी उरलेल्या पॅनेलमधून बघून सुरक्षित उतरता यावं, अशीच काचांची मांडणी असते. त्यामुळे परिस्थिती गैरसोयीची असते, हाताबाहेर गेलेली नसते.

चौथी पायरी: ओव्हरहीटचा पिवळा दिवा

७३७ मध्ये तो लागला की त्या काचेचा स्विच ऑफ, दोन ते पाच मिनिटं थांबा, पुन्हा ऑन. परत लागला तर ऑफच ठेवा आणि वेगाची मर्यादा पाळा. दोन मिनिटं थांबणं हा उपचार नाही, काच थंड व्हायला तेवढा वेळ लागतो. दिव्याचं नाव ओव्हरहीट असलं तरी काचेची वीज मधेच तुटली तरीही तो लागतो. म्हणजे काच जास्त तापलीय की मुळीच तापत नाहीये, हे दिवा सांगत नाही. तळवा सांगतो.

पाचवी पायरी: तडा

कॉकपिटात अचानक 'टक्' किंवा 'फट्' आवाज होतो आणि समोरची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण अशा बहुतेक प्रसंगांत फुटलेली असते ती बाहेरची पातळ काच, जिच्यावर दाबाचा भार नसतो. म्हणून पहिला प्रश्न एकच: तडा कोणत्या थरात?

खांद्याचे पट्टे आवळा, मग नख किंवा पेनचं टोक काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून हळूच तड्याच्या आडवं फिरवा. गुळगुळीत सरकलं तर तडा पलीकडच्या थरात आहे. अडकलं, खरखर लागली, तर आतली, भार उचलणारी काच गेलीय. मग चेकलिस्ट वेगळी: त्या काचेची हीट बंद, उंची कमी, केबिनचा दाबफरक कमी. वाळूचा ढीगच हलका करायचा.

१४ मे २०१८ रोजी चोंगचिंगहून ल्हासाला निघालेल्या सिचुआन एअरलाइन्सच्या ए३१९ मध्ये नेमकं हेच झालं. विमान ३२,००० फुटांच्या आसपास होतं. उजव्या विंडशील्डमधून आवाज आला, तडे पसरले, स्क्रीनवर त्याच विंडशील्डच्या हीटिंगबद्दल संदेश उमटला. कॅप्टन लिऊ यांनी हात फिरवून पाहिला. तड्याची कड बोटाला लागली. आतला थर गेलाय हे ओळखून त्यांनी खाली उतरायची परवानगी मागितली. सुमारे एका मिनिटात अख्खी काच निघून गेली, सहवैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला आणि पट्ट्यामुळे वाचला. गोठवणाऱ्या वाऱ्यात, निम्मी यंत्रणा बंद पडलेली असताना, लिऊ यांनी विमान छंग्तूला उतरवलं. ११९ प्रवासी आणि ९ कर्मचारी जिवंत राहिले.

२०२० च्या तपास अहवालात सर्वांत संभाव्य कारण म्हणून जी साखळी दिली आहे, ती आम्हा मेंटेनन्सवाल्यांना वाचायला त्रास देते. काचेचं सील खराब झालं. आत ओल शिरली आणि खालच्या कडेला साचली. हीटिंगच्या वायरचं इन्सुलेशन त्या ओलीत भिजत राहिलं. कोपऱ्यात सतत ठिणगी उडू लागली, तिथे काच भयंकर तापली, आणि आतल्या दोन्ही जाड काचा फुटल्या. एक गेली तर दुसरी पेलेल, हे डिझाइन बरोबरच होतं. पण एकाच कोपऱ्यातल्या आगीने दोघींना एकदम गाठलं. पावसाळ्यात सीलंटच्या फटीवर मी टॉर्च घेऊन का घुटमळतो, ते आता कळलं असेल.

सहावी पायरी: ठिणगी, वास, धूर

काचेच्या कडेला, एकाच जागी, पिवळी-निळी चमक आणि जळका वास: तो विजेचा आर्क. कारण शोधत बसू नका, त्या काचेची हीट ऑफ करा, मग चेकलिस्ट. धूर असेल तर ऑक्सिजन मास्क आधी.

याच्याशी एका गोष्टीची गल्लत होते. वादळी ढगांजवळ बाहेरच्या काचेवर निळसर-जांभळ्या शिरा नाचतात, झाडाच्या फांद्यांसारख्या पसरतात आणि विझतात. ती स्थिर वीज, तिला सेंट एल्मोची आग म्हणतात. ती काचभर फिरते, तिला वास नसतो, ढगातून बाहेर पडलात की ती जाते. आर्क जागा सोडत नाही. ओळखायला एवढं पुरे.

बोइंगच्या ७५७, ७६७ आणि ७७७ मध्येही विंडशील्डच्या हीटिंगच्या टर्मिनलपाशी, म्हणजे वायर काचेला जोडतात तिथे, धूर आणि ज्वाळा निघाल्याच्या घटना घडल्या होत्या. तिथे दोष होता साधा: वीज आणणाऱ्या वायरचा स्क्रू नीट न बसलेला किंवा ढिला. सैल सांध्यातून काही किलोवॅट गेले की तो सांधाच हीटर होतो. शेवटी २०१० मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेने या टर्मिनलांची तपासणी सक्तीची केली.

सातवी पायरी: उतरल्यावर

वैमानिक मंडळींना माझी एकच विनंती: नोंद नीट करा. 'विंडो हीट चालत नाही' एवढंच लिहिलेलं पान समोर आलं की आम्ही रात्रभर अंधारात चाचपडतो, कारण जमिनीवर काच गरम आणि दोष गायब. कोणती काच, डावी की उजवी, कोणता दिवा, चढताना की उतरताना, बाहेरचं तापमान किती, पुन्हा ऑन केल्यावर काय झालं, आणि काच हाताला कशी लागली, एवढं लिहा.

आमच्या बाजूचा क्रम साधारण असा. वीज तोडून सर्किट ब्रेकरला टॅग लावायचा. मग लेपाचा रेझिस्टन्स मोजायचा आणि मॅन्युअलच्या आकड्यांशी ताडायचा; अनंत आला तर लेप किंवा बसबार तुटलाय. सेन्सरचा रेझिस्टन्स मोजायचा. सेन्सरच मेला असेल तर टर्मिनलवर वायर राखीव सेन्सरकडे वळवता येते आणि लाखोंची काच वाचते. हे दोन्ही ठीक असतील तर टर्मिनल, मग वायरिंग, आणि सर्वांत शेवटी कंट्रोलर. नवशिके उलटं करतात, कारण कंट्रोलरचा डबा काढून नवा बसवणं सोपं असतं.

काच बदलायचीच वेळ आली तर बोल्टच्या पार्ट नंबरशी खेळ नको. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी १-११ ची विंडशील्ड हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर लटकले. काच नुकतीच बदललेली होती आणि ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने लहान निघाले. त्यात हीटिंगचा काही दोष नव्हता. पण हीटिंगसाठी काच उतरवणाऱ्या हाताला ते माहीत असलेलं बरं.

आणि त्या दुपारचं विमान? नोंद अशी होती: डावी समोरची काच, ओव्हरहीट दिवा, फक्त उतरताना, दोनदा, काच हाताला थंड. 'थंड' या एका शब्दाने काम सोपं केलं. पॉवर टेस्टला त्या काचेचा हिरवा दिवा एकदा लागला, एकदा नाही. ट्रेनीने टर्मिनलचं कव्हर उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "सर, हा एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा काळा दिसतोय." काळाच होता. वायरच्या टोकाची धातूची लग बदलली, जागा साफ केली, टॉर्क रेंच लावला, हीट चालू करून अर्धा तास बसलो. मग त्याने न सांगता तळवा काचेवर ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि पेन मागितलं.